विनेशचा घाम

८ जानेवारी, गुरुवार

आलो एकदाचे म्हसळ्याहून. परतीची फेरीबोट अर्धा तास उशिरा. दिघीच्या धक्क्यावर धड सावली नाही, आणि विनेश उन्हात दहा मिनिटं थांबला की लालबुंद होतो. त्याच्या डोक्यावर ओला पंचा टाकून बसले. शेजारची बाई म्हणाली, बाळाला जपावं तसं जपताय भावाला. चौतीस वर्षांचं बाळ!

ही म्हसळ्यातली सातवी सलाइन. त्याआधी दीड वर्ष दर पंधरा दिवसांनी त्याला घेऊन मुंबई गाठत होते. दिवाळीच्या तोंडावर डॉक्टर मृणालींनी त्यांच्या लहानशा दवाखान्यात द्यायचं कबूल केलं, तेव्हा मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी होते. आता महिन्यातून एकदा मी एकटी मुंबईला जाते, दोन वेळचं औषध गारव्याच्या निळ्या पुड्या घातलेल्या थंड पेटीतून आणते, आपल्या फ्रीजमध्ये ठेवते. पंधरा दिवसांनी सलाइनचा गुरुवार आला की पेटी आणि भाऊ दोन्ही घेऊन आगरदांड्याहून पलीकडे. चार तास थेंब थेंब. मग परत.

मुंबईच्या डॉक्टरांनी मागे सांगितलं होतं ते सोपं होतं. अंगातल्या पेशींमध्ये रोज थोडा कचरा होतो. तो विरघळवणारा रस विनेशच्या अंगात जन्मापासूनच बनत नाही. म्हणून कचरा साचत जातो – मूत्रपिंडात, हृदयात, हातापायांच्या नसांत. औषध म्हणजे तोच रस, बाहेरून दिलेला. विनेशनं विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, आयुष्यभर. त्यानंतर विनेशनं त्यांना काहीही विचारलेलं नाही.

९ जानेवारी

झोपले. अंगणवाडीत कळवलं, पोट बिघडलंय. या वर्षातलं पहिलं बिघडलेलं पोट. मागच्या वर्षी अकरा वेळा बिघडलं होतं.

१४ जानेवारी, संक्रांत

आईनं तिळाचे लाडू केले. दगड! विनेश म्हणाला, जाळ्याला बांधायला बरे. आई हसली. मी पण. किती दिवसांनी.

दुपारी त्याचे पाय पेटले. दुसरा शब्द नाही. लहानपणापासून असंच. शाळेतून यायचा आणि थेट खाडीत गुडघाभर पाण्यात उभा. आम्हाला वाटायचं मस्ती. आणि घाम नाही! जून असो की मे, अंग कोरडं ठणठणीत. त्यावर वाडीत काय कौतुक. होडीवरचे म्हणायचे, नीराबाईच्या पोराला दर्या दमवत नाही बघ. मोठ्या बोटीवर पहिल्यांदा घेतलं ते याच गुणावर. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात भर दुपारी जाळं ओढताना पडला तो तापानं फणफणून बेशुद्ध. घाम येत नाही म्हणजे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, हे आम्हाला कोण सांगणार. मग सात वर्षं वात, बाधा, संधिवात, मनाचे खेळ. प्रत्येकानं आपापलं नाव दिलं. खरं नाव कळलं तेव्हा मूत्रपिंडं निम्मी गेली होती.

आईचे दोन भाऊ असेच गेले. तेही पाण्यात उभे राहायचे. मुंबईत डॉक्टरांनी कागदावर बायकांसाठी गोल आणि पुरुषांसाठी चौकोन काढून दाखवलं, की हा आजार आईकडून येतो. मुलगा असो वा मुलगी, निम्मी शक्यता. माझी तपासणी झाली. माझ्यात नाही. सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

आईला हे मी सांगणार नव्हते. पण तो कागद तिनं बघितला. म्हणाली, "चौकोन म्हंजे इनेश ना? मग ह्यो वरचा गोल मीच." एवढंच. त्या दिवशी बाजारात गेली नाही.

१९ जानेवारी

रिपोर्ट आले. लघवीतून प्रथिनं पुन्हा जातायत, पूर्वीपेक्षा जास्त. डॉक्टर मृणाली फोनवर बराच वेळ बोलत राहिल्या. मुंबईत दीड वर्ष औषध घेतलं तेव्हा आकडे खाली आले होते, दुखणं कमी होतं, तो धक्क्यापर्यंत चालत जाऊन जाळी विणायला बसत होता. एकदा तर बनियन ओला झाला होता पाठीवर! दिवाळीपासून सगळं उलटं फिरलंय. त्यांनी विचारलं, डोस चुकला का? एकही नाही. औषध थंड असतं ना? हो. कधीकधी शरीर औषधाविरुद्ध उठतं म्हणे. तीही तपासणी करायची.

विनेशला सांगितलं. तो म्हणाला, बरं.

२२ जानेवारी, गुरुवार

म्हसळा. आठवी. काही लिहिण्यासारखं नाही. बोटीवर एक बकरी होती, तिनं माझ्या पिशवीतली केळी खाल्ली.

३१ जानेवारी

मुंबईहून आले. पाय एवढे सुजलेत की चपला हातात घेऊन आले वाडीत.

मोठे डॉक्टर चांगले आहेत, पण चांगली माणसंसुद्धा वाईट बोलतात. औषध ज्या मदत-योजनेतून मिळतं तिची समिती मार्चच्या अखेरीस सगळ्या पेशंटचे कागद बघणार. ज्यांना फायदा होत नाही त्यांचं औषध थांबवून यादीतल्या पुढच्याला देणार. ते म्हणाले, "सुचिताताई, एक सात वर्षांचा मुलगा थांबलाय." त्या मुलाचा मला राग आला. खरंच आला. सात वर्षांच्या पोराचा राग! कुठे येऊन पोचले मी.

शरीर औषधाविरुद्ध उठलंय का, ती तपासणी चोख निघाली. तसलं काही नाही. मग औषध काम का करत नाही, हे त्यांनाही कळत नाही.

विनेशनं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून पडला. म्हणाला, "दे की त्या पोराला." मी भांडले. माझ्याच आवाजानं शेजारची कुत्री भुंकायला लागली.

६ फेब्रुवारी

काल नववी झाली. येताना तो बोटीचा जिना चढेना. दिघीला दोन खलाशांनी उचलून बोटीत घेतला. दहा वर्षांपूर्वी हेच दोघं त्याच्या हाताखाली होते. त्यांनी तोंडावर काही दाखवलं नाही. त्यानंही नाही. मीच दुसरीकडे बघत राहिले.

आई मात्र अलीकडे कामाला नुसती भिडलीय. अडुसष्टाव्या वर्षी. म्हावऱ्याच्या पेट्या भरण्यात वाडीत तिचा हात कुणी धरत नाही. इथून पनवेलपर्यंत तिचं पापलेट जातं आणि डोळा काचेसारखा राहतो. बर्फ किती बारीक फोडायचा, खडेमीठ कुठल्या थराला घालायचं, पाणी कुठून काढायचं – तिचं शास्त्र आहे. बर्फवाला म्हणतो, नीराबाई बर्फाशी बोलते. माझ्याशी बोलली तर बरं होईल.

१२ फेब्रुवारी

समितीसाठी कागद गोळा करतेय. झेरॉक्सवाल्यानं विचारलं, जमिनीची केस का? हो म्हटलं. ते सोपं पडतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आजचं आजच लिहिते.

पर्यवेक्षिकाबाई आल्या नाहीत म्हणून अंगणवाडीची सभा रद्द झाली. बुधवारी मी सातच्या आत कधी घरी नसते. आज साडेपाचला आले. पडवीत आई बसलेली, समोर थर्माकोलची पेटी, बर्फ फोडून ठेवलेला. मला वाटलं म्हावरं. मग दिसलं – तिच्या पदरावर विनेशच्या औषधाच्या चिमुकल्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या. एक एक उचलून बर्फात पुरत होती. वरून मूठभर खडेमीठ. मग वर परत बर्फ. पापलेट मांडते तसंच, अगदी त्याच मायेनं.

मी विचारलं, हे काय? तर अभिमानानं म्हणाली, "तुमच्या त्या निळ्या पुड्यांनी काय थंड व्हतंय? त्यात बोंबील पन टिकायचा न्हाय. मी सलाइनच्या आदल्या दर बुधवारी रातभर मिठाच्या बर्फात घालते. पहाटे काढून, पुसून, परत तुझ्या पेटीत. लेबल पन भिजू देत न्हाय."

दर बुधवारी?

"पयल्यापासून. फ्रीजचा काय भरवसा, लाइट सारखी जाते. तूच सांगितलं व्हतंस ना, थंड ठेवा म्हणून."

मीठ घातलं की बर्फ नुसता थंड राहत नाही, शून्याखाली उतरतो. त्यात काहीही गोठतं. आणि हे औषध गोठलं की मेलं. परत पातळ होतं, दिसायला तसंच, स्वच्छ पाण्यासारखं. कुणाला कळणार? डॉक्टर मृणालींना कळलं नाही. मला कळलं नाही. नऊ डोस. दिवाळीपासून विनेशच्या शिरेतून नऊ वेळा आम्ही नुसतं पाणी सोडलं. आम्ही दोघींनी!

कारण चूक माझीही आहे. मुंबईच्या नर्सनं मला दोनदा बजावलं होतं – थंड ठेवा, पण गोठवू नका. मी आईला पहिलं अर्धं सांगितलं. दुसरं सांगायची गरज वाटली नाही. औषध कोण गोठवतं? ज्या घरात चार पिढ्या बर्फ म्हणजे जीव, त्या घरात गोठवतात. हे मला कळायला हवं होतं. मी याच घरातली ना?

विनेश समोरच्याच खाटेवर होता, भिंतीकडे तोंड करून. झोपला होता. तेवढं बरं झालं.

आईचे हात बर्फानं लाल झाले होते. म्हटलं, आई, चहा ठेव. ती आत गेली तशी बाटल्या काढल्या. तळातल्या दोन आताच टणक झाल्या होत्या.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

विनेशला घरी ठेवलं, बोट बंद आहे म्हणून सांगितलं. एकटीच म्हसळ्याला गेले. सांगायचं की नाही, यावर फेरीबोटीत मनाशी एकदाच वाद घातला. सांगितलं नाही तर मार्चमध्ये औषध जाणार. सांगितलं तर कदाचित आजच जाईल – निष्काळजी लोक म्हणून. दुसऱ्यात निदान कदाचित होतं.

डॉक्टर मृणालींपुढे बाटल्या ठेवल्या आणि सगळं बोलले. फक्त एक बदल केला. म्हटलं, बर्फात मी ठेवत होते.

त्या म्हणाल्या, "तुम्ही? तुम्हाला तर माहीत होतं." मी म्हटलं, विसरले. दमले होते. त्यांना ते पटलं नसावं. पण त्यांनी वही बंद केली आणि मला पाणी दिलं. म्हणाल्या, ही तर चांगली बातमी आहे. मला वाटलं थट्टा करतायत. तर म्हणे, औषध हरलेलंच नाही, ते पोचलंच नाही. मुंबईला आत्ताच फोन करते.

आणि मी रडले. त्यांच्या दवाखान्यात, बाहेर पेशंट बसलेले असताना, नाक गळेपर्यंत.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं आपण सहज म्हणतो. जिच्या हातून होतं तिला कसं सांगायचं, याची म्हण नाही.

२५ फेब्रुवारी

मुंबईहून निरोप. समिती तीन महिने थांबायला तयार. माझ्याबद्दल कागदावर काहीतरी कडक लिहिलंय, ते वाचलं नाही. अट एकच – औषध आता घरी यायचं नाही. मुंबईहून थेट म्हसळ्याच्या दवाखान्यात, त्यांच्या फ्रीजमध्ये. त्या सात वर्षांच्या मुलाचंही दुसरीकडून जमतंय म्हणाले. खरं की माझ्यासाठी म्हणाले, देव जाणे. मी खरं धरलं.

२ मार्च

वाडीत शिमग्याची गडबड. विनेश पडवीतून बघतो. ढोल जवळ आले की खाटेच्या कडेवर बोटांनी ताल धरतो. बोटं दुखतात म्हणून लगेच थांबतो.

४ मार्च, बुधवार

संध्याकाळी आईनं बर्फ आणून ठेवला होता. बाटल्या शोधत होती फ्रीजमध्ये. मी सांगितलं, नियम बदललाय, औषध आता दवाखान्यातच ठेवतात. सगळ्यांनाच तसं.

ती पेटीशेजारी बसून राहिली. बर्फाचं पाणी होऊन पडवीभर पसरलं तरी उठली नाही. मग म्हणाली, "मंग मी काय करू आता?"

लाडू कर म्हटलं. कसलं बोलणं!

ज्या बाईनं कागदावर स्वतःचा गोल ओळखला, तिला मुलासाठी दर पंधरा दिवसांनी एक काम सापडलं होतं. तेही मी काढून घेतलं. का काढलं, ते तिला मरेपर्यंत कळणार नाही. कळू देणार नाही.

५ मार्च, गुरुवार

खरं औषध गेलं आज. पाच महिन्यांनी. बाटलीकडे बघत बसले चार तास, जणू माझ्या बघण्यानं ते नीट उतरणार होतं.

१९ मार्च

दुसरी. फरक नाही. डॉक्टर म्हणतात, धीर धरा. तो कुठे मिळतो सांगा, मी तोही पेटीतून आणते.

२ एप्रिल

तिसरी. रात्री पाय कमी जळाले म्हणाला. मी खूश झालेली दाखवलं नाही. दृष्ट लागते.

१० एप्रिल

सेविकेचं मानधन उशिरा. उन्हाळा कडक. आईचं गुडघ्याचं दुखणं. तेच तेच. पण विनेश आज बसून जेवला आणि माझ्या आमटीला नावं ठेवली. ठेवू दे.

१७ एप्रिल

काल चौथी. रिपोर्ट – प्रथिनं थोडी उतरली. थोडी म्हणजे थोडीच. पण दिवाळीपासून पहिल्यांदा बाण खाली!

२१ एप्रिल, मंगळवार

दुपारी विनेश पडवीत जुनं जाळं सांधत बसला होता. मी त्याची पाठ पुसायला ओला पंचा घेऊन गेले, नेहमीसारखी. मानेवर हात लावला तर बोटं ओली. मला वाटलं पंच्याचंच पाणी. दुसरा, कोरडा हात लावला. ओला! वरच्या ओठावरही चार थेंब.

आईला हाक मारली. ती धावत आली. तिनं त्याच्या कपाळावरून बोट फिरवलं आणि ते बोट जिभेला लावलं. म्हणाली, "खारं हाय." मग देवापुढे जाऊन बसली. मी तिथेच पडवीत बसले, ढिम्म. एवढी वर्षं लोक घाम पुसतात, आणि आम्ही बघतोय!

विनेशच्या मांडीवर जाळं तसंच. हाताकडे बघत होता.

२३ एप्रिल

आई बाजारात गेली होती. विनेशनं मला बसायला सांगितलं. म्हणाला, "ताय, ते बर्फाचं तू केलंस म्हणून सांगितलंस ना डॉक्टरांना? मला त्या म्हसळ्यात बोलल्या. आय माझ्या समोरच बर्फ फोडायची. पयल्या बुधवारापासून."

औषधाच्या खोक्यातला कागद त्यानं उशीखालून काढला. घडी पडून पडून फाटलेला. गोठवू नये, या ओळीखाली पेनानं रेघ मारलेली.

तो म्हणाला, "आयुष्यभर म्हणाले ना ते. मी म्हटलं, असंच हळूहळू संपू दे. तुला सुटका. कुणाला कळलं नसतं."

मग आता का सांगतोस, विचारलं.

"आता घाम आला ना."